‘हॉर्न अँटेना’: शिंग, भोंगा की कर्णा?

फोंडा: शाळेच्या हस्तलिखितासाठी मुले विश्वाच्या बाल्यावस्थेतले प्रारण मोजणाऱ्या ‘प्लांक’ उपग्रहावर लिहीत आहेत. त्यावरच्या ‘हॉर्न’साठी, म्हणजे तरंग पकडणाऱ्या रुंद तोंडाच्या नळीसाठी, त्यांनी ‘शिंग’ वापरले आहे. चालेल का?

म्हापसा: ‘भोंगा’ लिहा. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा मुले रोज ऐकतात.

पणजी: भोंगा आवाज बाहेर टाकतो; हा तर आकाशातले तरंग आत घेतो. ‘शिंग’ नको, कारण कीटकांच्या अँटेनाला ‘शृंगिका’ आधीच आहे. माझे मत ‘कर्णा’, ग्रामोफोनला असतो तसा. वेव्हगाइडची (तरंग वाहून नेणारी) नळी एकदम संपली तर तोंडाशीच काही तरंग उलटे फिरतात. ती हळूहळू रुंदावत नेली की नळी आणि मोकळे आकाश यांचा सांधा जुळतो. हे रुंदावणे ‘कर्णा’ म्हणताच डोळ्यांपुढे येते. जगदीशचंद्र बोसांनी १८९० च्या दशकात असेच तोंड वापरले आणि त्याला ‘गोळा करणारे नरसाळे’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले.

म्हापसा: मग नरसाळेच म्हणूया की! बोसांचा शब्द आहे.

पणजी: मोह मलाही होतो. पण नरसाळे आतून गुळगुळीत. कोबे (१९८९), डब्ल्यूमॅप (२००१) आणि प्लांक (२००९) या तिन्ही उपग्रहांच्या कर्ण्यांना आतून गोल खाचा होत्या, साधारण पाव तरंगलांबी खोल. खाचांमुळे झोत (बीम) सर्व बाजूंनी सारखा होतो आणि कडेने फारच थोडे आत शिरते. विश्वाच्या बाल्यावस्थेतले प्रारण आज अवघे २.७२५ केल्विन, त्यातले चढउतार लाखात एक भाग! पृथ्वीची ऊब कडेने शिरली तर मोजमाप बिघडलेच. म्हणून ‘खाचांचा कर्णा’ लिहा.

फोंडा: घेणाऱ्या वस्तूच्या ‘बीम’ला ‘झोत’ म्हणावे?

पणजी: खुशाल. कोणत्या दिशेला किती, हे घेताना आणि सोडताना सारखेच असते. चाचणीत याचाच फायदा होतो. तरंग शोषणाऱ्या फोमच्या सुळक्यांनी मढवलेल्या खोलीत कर्णा फिरत्या बैठकीवर ठेवून कोनाकोनाने ताकद मोजतात. किती लांबून? व्यासाच्या वर्गाची दुप्पट, भागिले तरंगलांबी. ३ सेंमी तोंड आणि ३ मिमी तरंग असेल तर ६० सेंमी. मुख्य झोताशेजारच्या लहान झोतांना ‘उपझोत’ म्हणावे.

मडगाव: मुद्रितशोधनात एक सांभाळा: ‘कर्ण्याचा व्यास’, ‘कर्णाचा’ नव्हे. नाहीतर मुलांना काटकोन त्रिकोण आठवेल.