मागचा ब्रेक जाम: घरी सोडवू की कॅलिपरच बदलू?

रत्नांग्रीकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१० ची पेट्रोल, चारही चाकांना डिस्क. जूनपासून गावी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, आणि मी शहाण्याने हँडब्रेक ओढून ठेवलेला. गणपतीला गेलो तर गाडी चालू झाली, पण जागची हलेना. थोडी रेस दिली तेव्हा मागून ‘कट्’ असा आवाज होऊन सुटली. बाजारात जाऊन आलो, जेमतेम सहा किलोमीटर, तर मागच्या डाव्या चाकापाशी जळका वास आणि रिमला हात लावला तर चटका. उजवं चाक कोमटसुद्धा नाही.

गॅरेजवाल्याने चाक न काढताच निदान केलं : कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन पॅडांमध्ये आवळणारा भाग) गेला, नवा टाका, साडेअकरा हजार. पुढचे पॅड मी स्वतः दोनदा बदललेत, त्यापलीकडे अनुभव शून्य. घरी कोणी हे केलंय का? कुठलं टूल, कुठलं ग्रीस घ्यावं? आगाऊ धन्यवाद.

घाटमाथा
गंजाचा स्प्रे मारा, हातोडीने दोन ठोके द्या. माझी सुटली होती.

पानाताई
घाटमाथा, सुटली होती ती किती दिवस? पॅडवर आणि डिस्कवर तो स्प्रे उडाला की ब्रेक लागायचाच बंद होतो. रत्नांग्रीकर, स्प्रे आणि हातोडी दोन्ही आत ठेवा.

सांगलीला आमचं घरचं गॅरेज आहे, त्या अनुभवावरून सांगते. ‘कॅलिपर जाम’ हे निदान नाही, ती तक्रार झाली. जाम व्हायच्या जागा चार : हँडब्रेकची केबल आणि लिव्हर, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना, पॅड दाबणारा पिस्टन, आणि रबरी होज, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी. कुठली ते कळल्याशिवाय खिशात हात घालू नका.

गाडी सपाट जागी. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, कारण हँडब्रेक खाली सोडायचा आहे. नुसत्या जॅकवर काम करायचं नाही, खाली स्टँड हवाच. ह्यात घासाघीस नको.

चाक काढा आणि कॅलिपरच्या पाठीमागे केबल जिथे अडकते ती छोटी लिव्हर बघा. हँडब्रेक सोडल्यावर ती पार मागे, आपल्या स्टॉपरला जाऊन टेकली पाहिजे. टेकत नसेल तर केबल काढा. लिव्हर टुणकन मागे गेली तर केबल आत गंजलेय, नाही गेली तर लिव्हरचा दांडा अडकलाय. तुम्ही पावसाळाभर ओढून ठेवलेला, त्यामुळे माझा पहिला संशय इथेच.

तरीही डिस्क हाताने फिरत नसेल तर कॅलिपरवरच्या एअर काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावा, नळीचं टोक बाटलीत, आणि निपल अर्धा आटा सैल करा. ऑइल जोरात येऊन डिस्क सुटली, तर दाब आत अडकून राहत होता, म्हणजे बहुधा होज आतून फुगलाय आणि कॅलिपर बिचारा निर्दोष. ऑइल येऊनही डिस्क तशीच घट्ट असेल तर पिना किंवा पिस्टन.

पिनांची चुगली पॅड करतात. आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला आणि बाहेरचा जाडजूड, म्हणजे कॅलिपर सरकतच नाहीये. एकच पिस्टन आतला पॅड दाबतो आणि त्याच्या उलट रेट्याने पिनांवर सरकून अख्खा कॅलिपर बाहेरचा पॅड दाबतो, असं हे गणित आहे.

पिस्टनबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. त्याला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. त्याच्याभोवतीचं चौकोनी कापाचं रबरी सील ब्रेक दाबताना किंचित पिळतं आणि पाय काढला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे नेतं. बस्स, एवढंच. बूट, म्हणजे बाहेरचं रबरी आवरण, फाटून आत पाणी गेलं, थोडासा गंज धरला, की त्या सीलचा जोर पुरत नाही.

आणि हे ठळक अक्षरात समजा : मागचा पिस्टन सी-क्लॅम्पने (शिकंज्याने) दाबू नका. पुढचे तसे दाबले असतील, पण हँडब्रेक ज्याच्या आतच असतो तो पिस्टन स्क्रूसारखा फिरवत आत न्यावा लागतो, नाहीतर आतली यंत्रणा मोडते. त्यासाठी पिस्टनच्या तोंडावरच्या खाचांत बसणारं वाइंड-बॅक टूल मिळतं. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या दिशेने फिरतो, काहींत एका बाजूचा उलटा, तेवढं मॅन्युअलमध्ये बघा. बटणाचा हँडब्रेक असलेल्यांनी स्कॅनरशिवाय ह्यात पडूच नये.

सहाफूटबर्फ
मिशिगनहून +१. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे पिना जाम होणं हे दरवर्षीचं दुखणं. वाइंड-बॅक टूल दुकानातून अनामत ठेवून नेता येतं. पिनांना सिलिकोन ग्रीसच लावा. मी पहिल्यांदा बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं, वर्षाच्या आत रबर फुगलं आणि पिन पुन्हा अडकली. पेट्रोल, डिझेल, रॉकेलही त्या रबरांना चालत नाही.

नानापेठी
पुण्यात असाल तर नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस. नुसतं गाडीचं नाव सांगून सील किट आणू नका, जुनी पिन आणि बूट पिशवीत घालून न्या. पिस्टनचा व्यास मिलिमीटरमध्ये बऱ्याचदा कॅलिपरवरच उठवलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

रत्नांग्रीकर
ताई, साष्टांग. शनिवारी उघडलं. लिव्हर स्टॉपरपासून बोटभर लांबच, केबल काढली तरी हलेना. वरची पिन सरकते. खालची ढिम्म, तिचा बूट फाटलाय आणि आत चिकोळं तांबडं पाणी. आतला पॅड संपलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. पिस्टन टूलने फिरवला तर सहज आत गेला. आता?

पानाताई
मग कॅलिपर वाचला. पॅड बाजूला ठेवून लिव्हरच्या मुळाशी आणि पिनेला गंजाचा स्प्रे चालेल (घाटमाथा, आता काढा तो बाहेर), पण रात्रभर मुरू द्या. लिव्हर पान्याने थोडी थोडी मागेपुढे करा, एकदम ताकद नको. तिच्याशेजारून ब्रेक ऑइल पाझरताना दिसलं तर तिथेच थांबा, मग मात्र नवा कॅलिपर. पिनेवर खड्डे असतील तर घासत बसू नका, पिन आणि बूट नवेच. सगळं ब्रेक क्लीनरने पुसून मगच पॅड, आणि पॅड दोन्ही चाकांचे बदला. पॅडच्या पाठीवर उंचवटा असेल तर तो पिस्टनच्या खाचेत बसला पाहिजे.

निपल उघडला असेल तर एअर काढा, ऑइल सीलबंद बाटलीतलं, गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच. डॉट ४ ग्रेडचं ऑइल कोरडं असताना निदान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ ला, म्हणून अर्धी पडलेली बाटली नको. पेंटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पहिल्या दाबाला ते थेट तळाला जातं, हे फाटकाबाहेर पडल्यावर कळायला नको.

नानापेठी
ह्यावरून आठवलं. कोणी दोन्ही कॅलिपर काढले तर डावा-उजवा अदलाबदल करू नका. निपल खाली जातो आणि दिवसभर पंप केलं तरी हवा निघत नाही. हा शहाणपणा मी एक अख्खा रविवार घालवून मिळवलाय.

रत्नांग्रीकर
झालं! लिव्हर दुसऱ्या दिवशी सकाळी सुटली, पन्नासेक वेळा हलवून आता स्वतःहून मागे जाते, ऑइल कुठेही नाही. पिन, बूट, ग्रीस आणि पॅड मिळून २,३५० रुपये, टूल मावसभावाचं. दहा किलोमीटर फिरून आलो, दोन्ही रिमना हात लावून पाहिला, सारखेच कोमट. पुढल्या पावसाळ्यात काय करू?

पानाताई
गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक खाली, चाकांना विटा. आणि कोणीतरी पंधरा दिवसांतून एकदा अंगणातल्या अंगणात पुढेमागे करायला हवी.

रत्नांग्रीकर
विटा आणल्या. शेजारचे काका विचारून गेले, काय रे, बांधकाम काढलंस की काय?