नवरीचे मामा नदीतून येतायत! (लग्नाला होडीने गेलात का कधी?)

गोदाकाठची
काल भाच्याला घेऊन गंगापूर धरणावर बोट क्लबला गेले होते. तो विचारतो, "मावशी, ही बोट कुठपर्यंत जाते?" म्हटलं, फिरून इथंच येते. "मग काय उपयोग!" अगदी अण्णांचा, माझ्या वडिलांचा सूर. रात्रभर तेच आठवत राहिलं, म्हणून लिहिते.

१९९३ चा मे. आतेबहिणीचं लग्न पुणतांब्याला, अण्णा नवरीचे सख्खे मामा. कुणीतरी सांगितलं, आवर्तन (धरणातून शेतीसाठी सोडतात ते पाणी) सुटलंय, नदी भरून चाललीय. झालं! नाशिक गोदेवर, पुणतांबं गोदेवर, मग येष्टीत चेंगरायचं कशाला? सायखेड्याहून एका भोईदादांची होडी ठरली. आदल्या दिवशी पहाटे मी, अण्णा, धाकटा काका, रुखवताची दोन खोकी आणि आंब्यांची पाटी असे निघालो. आई म्हणाली, "मी येष्टीनं जाते. तुमचे फेटे वाहत आले तर उचलून ठेवीन."

नांदूर मध्यमेश्वरपर्यंत राजेशाही थाट. दोन्हीकडे पाणपक्षी, काकाची शीळ, डब्यातल्या दशम्या. मग बंधारा आला आणि बंधाऱ्याखाली नुसते गोटे! आवर्तनाचं पाणी तिथून डाव्या-उजव्या कालव्यात वळतं, हे निफाडचं शेंबडं पोरही सांगेल. अण्णांचा पाटबंधाऱ्याशी संबंध घरच्या नळापुरता.

होडी तिथंच सोडावी की नाही? छे. "पुढं पाणी लागेल." ट्रॅक्टर ठरला. होडी ट्रॉलीत, आम्ही होडीत, भोईदादा कपाळाला हात लावून ड्रायव्हरशेजारी. रस्त्यात लोक विचारायचे, कुठं? अण्णा फेटा सावरून सांगायचे, "लग्नाला." कोपरगावला मुक्काम. तिथंही डबकीच.

पुणतांब्याला जरा पाणी दिसलं. आता तरी गप बसावं, पण घाटावरच उतरायचं म्हणून होडी पाण्यात घातली आणि ती हातभर जाऊन गाळात रुतली. तेवढ्यात मांडवातल्या लाउडस्पीकरवर गुरुजी: "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं." एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आवाज चढला होता. अण्णा गुडघाभर चिखलात, दोन्ही हात वर करून, "आलो! आलो!"

शेवटी आत्याच्या चुलतभावाने नवरीला बोहल्यावर नेलं. अण्णा पुढे तीस वर्षं त्या माणसाशी धड बोलले नाहीत.

तुमचेही असे पाण्यातले लग्नप्रवास लिहा.

पावशेर_शेव
चहा सांडला 😂 फोटो आहे का?

गोदाकाठची
फोटोग्राफर मांडवात होता, आम्ही चिखलात.

बामणोलीकर
तुम्हा शहरवाल्यांना होडीची मौज. आमच्याकडे कोयनेच्या पाण्यापलीकडच्या गावांना लाँच हाच रस्ता. धाकट्या बहिणीच्या लग्नात मंडपाचे बांबू, गॅसच्या टाक्या, बर्फाच्या लाद्या, भटजी, सगळं तापोळ्याहून लाँचने. बर्फ निम्मा पोचला, भटजी पूर्ण. परतताना बहीण टपावर बसली आणि आमचं घर दिसेनासं होईपर्यंत हात हलवत राहिली. बसने गेली असती तर वळणावर लगेच दिसेनाशी झाली असती. पाण्यावर माणूस फार वेळ दिसत राहतो.

सुगरण_नसलेली
बामणोलीकर, डोळ्यांत पाणी आणलंत. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते.

दाभोळची_लेक
धोपावे-दाभोळ फेरीबोट! वऱ्हाडाची बस, बँडवाले, सगळे एकाच फेरीत चढले. बँडवाल्यांनी सुरू केलं तर ज्यांचा लग्नाशी संबंध नाही तेही नाचायला लागले. एक मोटरसायकलवाले काका हेल्मेट घालून फुगडी. पलीकडे उतरल्यावर वरमाईने त्यांनाही जेवायला नेलं. फेरीबोट नव्हती तेव्हा आजीचं लग्न होडीने, भरती बघून मुहूर्त. ओहोटीला चिखलातून चालावं लागायचं म्हणून नवरीची साडी वर खोचलेली असायची म्हणे.

चाकरमानी७
फेरीबोटीत चारचाकीला रांग किती असते हो शनिवारी? मुलांना घेऊन जायचंय.

दाभोळची_लेक
सकाळी लवकर गाठा. बाकी देवाची मर्जी.

कृष्णाकाठ
सांगलीकडे काहील! गूळ करायची मोठी गोल कढई. पुरात मामाच्या गावाला साखरपुड्याला त्यातून गेलोय. वल्हवताना ती गोल गोल फिरते, त्यामुळे दोन्ही काठांना आपण पाहुणे वाटतो.

परदेशी_पाहुणी
माझा किस्सा इंग्लंडातला. दिराच्या लग्नाला मोटारीने दोन तासांचं अंतर. नवरोबांनी भाड्याने नॅरोबोट, म्हणजे तिथल्या कालव्यांतली अरुंद बोट, घेतली. जेमतेम सात फूट रुंद, वेग ताशी चार मैल! काठावरची कुत्री आम्हाला मागे टाकून जायची. त्यात लॉक. दार बंद करा, पाणी भरा, बोट वर चढली की पुढचं दार उघडा. वॉरिकजवळ हॅटनला अशी एकवीस लॉक एकापाठोपाठ. त्या दाराचा लांबलचक दांडा पाठीने रेटून उघडतात. मी पैठणी नेसून उलटी रेटतेय आणि सासूबाई बोटीतून, "अगं, पदर, पदर!" हळदीला चार दिवस उशिरा पोचलो. जाऊ अजून विचारते, चालत का नाही आलात?

शिस्तप्रिय
सर्व ठीक आहे. पण लाइफ जॅकेट होती का? होडीत जॅकेट नाही तर बसूच नये. गंमत वाटते तोवर गंमत.

गोदाकाठची
खरंय काका. तेव्हा नव्हती. काल मात्र भाच्याला बांधल्याशिवाय पाय ठेवू दिला नाही.

निफाडकर
ताई, आता सायखेड्याहून होडी काढून दाखवा. पुलाशी पानवेली इतक्या अडकतात की म्हैस चालत जाईल.

पावशेर_शेव
निफाडकर, द्राक्षं काय भाव यंदा?

निफाडकर
नका विचारू. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सुगरण_नसलेली
आले परत. वरण लागलं. गोदाकाठची, रुखवताचं काय झालं ते सांगितलंच नाहीत!

गोदाकाठची
खोकी भिजली, शेवया-कुरडयांचा लगदा. थर्माकोलचा बंगला तेवढा तरंगत घाटाला लागला. आईने उचलून ठेवला.

बामणोलीकर
आणि आंबे?

गोदाकाठची
ट्रॅक्टरवाल्याने भाड्यात घेतले.