प्रतिसाद: विद्यापीठात ‘कॉलेज लाइफ’ नसतं?

मुलीला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला घालायचं म्हणताय आणि ‘तिथं कॉलेज लाइफ नसतं, गावाबाहेर आहे, एकटी पडेल’ ही धास्ती. १९६२ साली सागरमाळाच्या उजाड माळावर विद्यापीठ सुरू झालं तेव्हा ती रास्त होती. आता शहर पार पुढं सरकलंय. केएमटी, म्हणजे शहर बस, थेट दारात येते.

साडेआठशे एकरांचा परिसर आहे, त्यामुळं पायपीट मात्र चुकत नाही. पहिल्या महिन्यात सगळेच कुरकुरतात. मग शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापासून मागच्या तळ्यापर्यंत संध्याकाळची फेरी अंगवळणी पडते. मोर वाटेत आडवे येतात, त्याचं कुणाला अप्रूप राहत नाही.

खरी वस्ती विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात. सकाळी जागा धरायला टेबलावर वही, पाण्याची बाटली, कधी नुसता रुमाल. त्यावरून भांडणं होतात, आणि तिथंच ओळखीही होतात. जत, चंदगड, माण, कुठली कुठली पोरं असतात. रविवारी संध्याकाळी गावाकडनं डबे आले की खोलीत पंगतच. परिस्थिती बेताची असेल तर ‘कमवा व शिका’ची, म्हणजे काम करत शिकायच्या योजनेची, चौकशी प्रवेशावेळीच करा, नंतर जागा उरत नाहीत.

बाकी कोल्हापूर वसतिगृहांचंच गाव. शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं उभी केली, दसरा चौकात ती अजून दिसतात. परगावचं पोर इथं कुणाला नवं नाही.

फक्त वसतिगृहाच्या अर्जाची तारीख चुकवू नका. आणि मेसच्या आमटीबद्दल आधीच सांगून ठेवा!