मदत हवी आहे : लिनेजओएस किंवा तत्सम सिस्टीम टाकता येईल असा टॅबलेट

पाटीपेन्सिल

नमस्कार. टॅबलेट घ्यायचा आहे. कामं तीन: पीडीएफ वाचताना पेनने खुणा करणं, टर्मिनलमधून एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरून काम करणं), आणि अधूनमधून व्हिडिओ. गुगलच्या सेवा नसल्या तरी चालेल, ॲप एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारावरून घेणार आहे. कंपनीने अपडेट थांबवले तरी टॅबलेट पुढे तीन-चार वर्षं वापरता यावा, म्हणून कस्टम रॉम (कंपनीच्या मूळ सिस्टीमऐवजी लिनेजओएससारखी दुसऱ्यांनी बनवलेली अँड्रॉइड सिस्टीम) टाकता येणं ही पहिली अट. पडदा १० ते ११ इंच. वापरलेला असला तरी हरकत नाही. संगणकावर लिनक्स आहे, कमांड चालवता येतात.

डोळ्यासमोर असलेले: सॅमसंग टॅब एस६ लाइट, पिक्सेल टॅबलेट, शाओमी पॅड ५, जुना आयपॅड. शिवाय एक बिननावाचा अगदी स्वस्त टॅबलेट, ज्याच्या जाहिरातीत 'आधीच रूट केलेला' असं लिहिलंय.

यातला कुठला घ्यावा, कुठला टाळावा, आणि घेण्यापूर्वी नेमकं काय तपासावं?

उघडं_कुलूप

तुम्ही कस्टम रॉम ही अट आधी लिहिलीत ते बरं झालं, कारण या विषयात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. दुकानाबाहेरचं ॲप बसवता येणं ही एक, आणि मूळ सिस्टीमच बदलता येणं ही दुसरी. पहिली सोय जवळजवळ प्रत्येक अँड्रॉइड टॅबलेटवर आहे. दुसरीसाठी बूटलोडर (यंत्र सुरू होताना कुठली सिस्टीम चालू द्यायची ते ठरवणारा प्रोग्रॅम) उघडावा लागतो, आणि तो उघडू द्यायचा की नाही हे कंपनी ठरवते. ॲमेझॉनच्या फायर टॅबलेटवर बाहेरची एपीके (ॲपची फाइल) बसते, पण बूटलोडर अधिकृतपणे उघडत नाही. काही जुन्या फायर मॉडेलमध्ये चिपमधल्या त्रुटीचा फायदा घेऊन तो उघडला गेला, त्यावर विसंबून नवीन टॅबलेट घेऊ नये.

पहिली सोयही आता पूर्वीइतकी मोकळी राहणार नाही. गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड उपकरणांवर ओळख पडताळलेल्या डेव्हलपरचीच ॲप बसतील. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून, बाकी जगात २०२७ पासून पुढे. जाणकारांसाठी इशारे दाखवून एक वेगळी वाट ठेवू, असं नंतर सांगितलं आहे. गुगलच्या सेवा नसलेलं कस्टम रॉम या 'प्रमाणित'मध्ये मोडत नाही. एफ-ड्रॉइडवर राहायचं असेल तर बूटलोडरचा मुद्दा अजूनच महत्त्वाचा होतो.

निवडीचा क्रम उलटा करा. आधी टॅबलेट आवडला आणि मग रॉम शोधलं, असं नको. लिनेजओएसच्या उपकरणांच्या यादीतून टॅबलेट वेगळे काढा, ज्यांची बिल्ड (त्या यंत्रासाठी तयार केलेली सिस्टीमची फाइल) अजून निघतेय तेवढेच ठेवा, आणि मग त्यांचा नेमका मॉडेल नंबर घेऊन खरेदीला निघा. नावावर जाऊ नका. टॅब एस६ लाइट या एकाच नावाखाली तीन वेगळी यंत्रं आहेत:

२०२० चा एसएम-पी६१० (वायफाय) आणि पी६१५ (सिमसह), चिप एक्झिनॉस ९६११.
२०२२ चा पी६१३ आणि पी६१९, चिप स्नॅपड्रॅगन ७२०जी.
२०२४ चा पी६२० आणि पी६२५, चिप एक्झिनॉस १२८०.

लिनेजओएसचं 'जीटीए४एक्सएलवायफाय' हे बिल्ड पी६१० साठी आहे. ते पी६१३ वर चालणार नाही, चिपच वेगळी आहे. खोक्यावर तिन्हींचं नाव सारखंच असतं आणि विकणारे बहुतेक वेळा तेवढंच सांगतात.

कळफलक३२

तुमच्या कामासाठी पी६१० चं पारडं जड वाटतं, आणि त्याचं कारण पेन. एस-पेन वॅकॉमच्या तंत्रावर चालतं, त्यात बॅटरी नाही, ते कधी चार्ज करावं लागत नाही. हाताळणी कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) पातळीवर होत असल्यामुळे कमीजास्त दाबाची रेघ लिनेजवरही तशीच उमटते. १०.४ इंची पडदा, मायक्रोएसडीचा खाचा, हेडफोनचं भोक. उणीव एकच, पण मोठी: रॅम फक्त ४ जीबी. शेकडो पानांची स्कॅन केलेली पीडीएफ आणि ब्राउझर एकत्र उघडले की मागचं ॲप बंद पडतं.

बसवताना लोक जिथे अडकतात त्या जागा सांगतो.

सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय दिसतात. तिथे 'ओईएम अनलॉकिंग', म्हणजे बूटलोडर उघडायची परवानगी, सुरू करा. हा पर्याय दिसतच नसेल तर टॅबलेट इंटरनेटला जोडा, तारीख-वेळ बरोबर आहे का बघा, आणि काही दिवस थांबायची तयारी ठेवा. मग टॅबलेट पूर्ण बंद करून आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरा आणि संगणकाला जोडलेली केबल लावा. इशाऱ्याच्या पडद्यावर आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं की बूटलोडर उघडतो आणि आतलं सगळं पुसलं जातं. बॅकअप आधी घ्या, नंतर काहीच हाती लागत नाही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. पुसून झाल्यावर लगेच रिकव्हरी (नवी सिस्टीम बसवायला लागणारा छोटा वेगळा प्रोग्रॅम) फ्लॅश करू नका, म्हणजे टॅबलेटमध्ये लिहू नका. एकदा मूळ सिस्टीम चालू करा, इंटरनेटला जोडा, डेव्हलपर पर्याय पुन्हा काढा आणि ओईएम अनलॉकिंग चालूच आहे याची खात्री करा. सॅमसंगचं व्हॉल्टकीपर हे संरक्षण या वेळी परवानगी नोंदवून घेतं. हे सोडलं तर डाउनलोड मोड (दोन्ही बटणं धरून केबल लावल्यावर येणारी, संगणकावरून फाइल घेणारी अवस्था) तुमची रिकव्हरी नाकारतो.

लिनक्सवरून फ्लॅश करायला हाइमडॉल हे साधन वापरा. रिकव्हरी गेली की टॅबलेटला मूळ सिस्टीममध्ये जाऊ देऊ नका, ती स्वतःची रिकव्हरी परत लिहून टाकते. पडदा काळा झाल्याक्षणी आवाज वाढवायचं आणि पॉवरचं बटण धरून थेट रिकव्हरीत शिरा. केबल संगणकाला लावलेली असू द्या, अँड्रॉइड ११ पासून सॅमसंगवर त्याशिवाय रिकव्हरी उघडत नाही.

आत गेल्यावर आधी डेटा फॉरमॅट करायचा, कारण जुना डेटा जुन्या सिस्टीमच्या किल्लीने कूटबद्ध केलेला असतो. तो तसाच ठेवला तर नवी सिस्टीम लोगोवरच फिरत बसते. नंतर एडीबी साइडलोडने (केबलवरून फाइल पाठवणाऱ्या कमांडने) लिनेजची झिप पाठवा. संगणकावर आकडा ४७ टक्क्यांवर थांबलेला दिसेल. घाबरून केबल काढू नका, बहुतेकदा काम पूर्ण झालेलं असतं. निकाल टॅबलेटच्या पडद्यावर वाचा.

आणि हे न परतीचं आहे: अनधिकृत फाइल चालताच नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज (चिपमधली कायमची खूण) ०x१ होतो. मूळ सिस्टीम परत टाकली तरी तो ०x० होत नाही. सॅमसंगचं सुरक्षित फोल्डर कायमचं जातं.

तिसरा_कप्पा

वरचं बरोबर आहे, पण 'तीन-चार वर्षं' ही अट बघता माझं मत पिक्सेल टॅबलेटकडे झुकतं. २०२३ चं यंत्र, टेन्सर जी२ चिप, ८ जीबी रॅम, १०.९५ इंची पडदा. गुगलचे सुरक्षा अपडेट जून २०२८ पर्यंत आहेत. लिनेजओएस आहे आणि ग्राफीनओएस हे सुरक्षेवर भर देणारं कस्टम रॉमसुद्धा.

ग्राफीनचा फायदा असा की सिस्टीम टाकून झाल्यावर बूटलोडर पुन्हा बंद करता येतो, आणि तोही त्यांच्या स्वतःच्या किल्लीने. उघडा बूटलोडर म्हणजे टॅबलेट हातात पडलेल्या कुणालाही बदललेली सिस्टीम आत घालता येते. ज्यावरून सर्व्हरला एसएसएच करणार, त्या यंत्राबाबत हा मुद्दा हलका समजू नये. बहुतेक टॅबलेटवर कस्टम रॉम असताना बूटलोडर बंद केला तर यंत्र सुरूच होत नाही. म्हणून पी६१० वर तो प्रयोग करू नका.

पिक्सेलवर बूटलोडर उघडायला डेव्हलपर पर्यायांतून परवानगी, मग फास्टबूट मोड (संगणकावरून कमांड घेणारी बूटलोडरची अवस्था), आणि 'फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक' ही एक कमांड. व्हॉल्टकीपर नाही, खात्याची परवानगी नाही, थांबण्याची मुदत नाही. ग्राफीन तर क्रोमियमच्या ब्राउझरमधूनच बसवता येतं.

उणिवा: मायक्रोएसडी नाही, हेडफोनचं भोक नाही, पेन सोबत येत नाही. यूएसआय २.० या मानकाचं पेन वेगळं घ्यावं लागतं आणि त्यात बॅटरी असते.

व्हिडिओबद्दल एक सूचना, कुठलाही टॅबलेट घेतला तरी. बूटलोडर उघडा असला की वाइडवाइन (व्हिडिओची नक्कल रोखणारी गुगलची यंत्रणा) बहुतेक यंत्रांवर एल१ या वरच्या पातळीवरून एल३ या खालच्या पातळीवर घसरतं, आणि पैसे भरून घेतलेल्या सेवा मग साधारण ४८० रेषांचंच चित्र देतात. काही बँकांची ॲपही नकार देतात. स्वतःजवळच्या व्हिडिओ फाइलना याचा त्रास नाही.

उघडं_कुलूप

राहिलेले तीन थोडक्यात.

शाओमी पॅड ५, सांकेतिक नाव 'नाबू'. यंत्र उत्तम, लिनेज आहे, मेनलाइन (मूळ, अँड्रॉइडविना) लिनक्सचंही काम झालेलं आहे. पण बूटलोडर उघडायला शाओमीचं खातं, त्यांची मंजुरी आणि वाट बघणं. शाओमीच्या जुन्या एमआययूआय सिस्टीमवर साधारण १६८ तास. तिच्या जागी आलेल्या हायपरओएसवर नियम बरेच कडक झाले, आणि २०२५ पासून एका खात्यावर वर्षाला एकच यंत्र. आधीच उघडलेलं मिळालं तरच विचार करा.

आयपॅड. ॲपलच्या ए५ ते ए११ चिपच्या बूटरॉममधली (चिपमध्येच कोरलेल्या सुरुवातीच्या कोडमधली) चेकएम८ ही त्रुटी २०१९ मध्ये उघड झाली, ती सॉफ्टवेअरने बुजवता येत नाही. त्यामुळे ए१० चिपचे २०१८ आणि २०१९ चे साधे आयपॅड जेलब्रेक होतात, म्हणजे ॲपलची बंधनं तोडता येतात. पण प्रत्येक रीस्टार्टनंतर संगणकाला जोडून ते पुन्हा करावं लागतं, आणि दुसरी सिस्टीम काही बसत नाही. जेलब्रेकशिवाय बाहेरचं ॲप टाकायचं तर मोफत खात्यावर एका वेळी तीनच, आणि सही दर सात दिवसांनी संपते. तुमच्या अटीत हे बसत नाही.

बिननावाचा रूट केलेला टॅबलेट मुळीच नको. रूट म्हणजे आहे त्याच सिस्टीमवर पूर्ण ताबा. ती सिस्टीम कुणी बनवली, आत काय घातलं, हे कळायला मार्ग नाही, आणि विकतानाच रूट खुलं असेल तर ते आतल्या कुठल्याही ॲपलाही खुलं असू शकतं. अशा यंत्रांचा कर्नल सोर्स सहसा मिळत नाही, त्यामुळे रॉम कुणी बनवत नाही. जेनेरिक सिस्टीम इमेज (अनेक यंत्रांवर चालेल अशी सामायिक अँड्रॉइड सिस्टीम) टाकून बघता येते, पण ड्रायव्हर व्हेंडर विभाजनातले, म्हणजे निर्मात्याने ठेवलेले जुनेच राहतात. त्यात अजून एक खाच: चिप ६४ बिटची असून सिस्टीम ३२ बिटची ठेवलेली असते, मग साधी एआरएम६४ ची इमेज सुरूच होत नाही, 'ए६४' प्रकारची लागते.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. बूटलोडर परत बंद करता येतो हे माहीतच नव्हतं. तरी पेनमुळे मन पी६१० कडेच आहे, वापरलेला. विकणाऱ्यासमोर दहा मिनिटांत काय काय बघावं? आणि डेस्कटॉपचं लिनक्स हवं असेल तर वेगळा विचार करावा लागेल का?

कळफलक३२

समोर बसून याच क्रमाने बघा.

मॉडेल नंबर खोक्यावर नाही, सेटिंगमध्ये वाचा. विकणाऱ्याला त्याचं गुगल आणि सॅमसंग खातं सेटिंगमधून काढायला सांगा, मग रीसेट करा आणि स्वागताच्या पडद्यावरून पुढे जाऊन बघा. रिकव्हरीतून रीसेट केलं आणि खातं आत राहिलं, तर टॅबलेट जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसेल.

डेव्हलपर पर्यायांत 'ओईएम अनलॉकिंग' आहे का बघा. डाउनलोड मोडमध्ये जाऊन वॉरंटी व्हॉइड (तोच नॉक्सचा फ्यूज) ०x० की ०x१ ते वाचा. ०x१ असणं तुमच्या दृष्टीने दोष नाही, उलट हे यंत्र आधी उघडलं गेल्याची ती खूण आहे. त्याच पडद्यावर केजी स्टेटसमध्ये (सॅमसंगच्या दुरून लावायच्या कुलपाच्या नोंदीत) 'लॉक्ड' दिसलं तर मात्र घेऊ नका, ते हप्त्यांचं किंवा कुठल्या संस्थेचं कुलूप असू शकतं.

बिल्ड नंबरात शेवटून पाचवं अक्षर पाहून ठेवा. समजा शेवट यू३डीव्हीजी१ असा आहे, तर तो आकडा ३. मूळ फर्मवेअर परत टाकायची वेळ आली तर हा आकडा तेवढाच किंवा मोठा असलेली फाइल लागते, लहान आकड्याची टॅबलेट नाकारतो. वॅकॉमचं पेन पडद्याच्या चारही कोपऱ्यांत फिरवून रेघ तुटते का बघा, आणि केबल हलवून चार्जिंगचा खाचा सैल नाही ना ते पाहा. फ्लॅश करताना तिथेच जोडणी तुटली तर पुढचा सगळा खटाटोप.

तिसरा_कप्पा

डेस्कटॉपचं लिनक्स हवं असेल तर अँड्रॉइडचा टॅबलेट बाजूला ठेवा. इंटेलवर चालणारे सरफेस गो घ्या, त्यांत सेटिंगमधून सिक्युअर बूट बंद करून यूएसबीवरून डेबियन किंवा फेडोरा थेट बसतं. पडद्याचा स्पर्श आणि पेन लिनक्स-सरफेस कर्नलवर नीट चालतात, कॅमेरा मात्र कटकट करतो. एआरएमचे नवे सरफेस या कामाला घेऊ नका. पाइनटॅब२ पहिल्यापासून लिनक्ससाठीच बनवलेला आहे, आरके३५६६ चिप, ४ किंवा ८ जीबी रॅम, एसडी कार्डवरूनही सुरू होतो. पण त्याच्या वायफायच्या चिपचा ड्रायव्हर कच्चा राहिल्याने यूएसबीचं वायफाय जवळ ठेवावं लागतं.

तुम्हाला नुसतं टर्मिनल आणि एसएसएच हवं असेल तर यातलं काही नको. पी६१० वर एफ-ड्रॉइडमधून टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप टाका आणि त्यात ओपनएसएसएच बसवा. प्ले स्टोअरमधलं टर्मक्स वेगळं आहे, दोन्ही एकत्र बसवू नका, सह्या जुळत नाहीत.