कारवार ते मुरुडेश्वर पायी: शिवरात्रीच्या आगेमागे पाच शिवस्थानं करायची आहेत, कुणी चाललंय काय?

खानापूरकरीण

राम कृष्ण हरी मंडळी. आमचा गट खानापूर तालुक्यातल्या दोन-तीन गावांचा. आषाढीला आम्ही पंढरपूरला चालत जातो. तिथं कशाचाच घोर नसतो. दिंडी ठरलेली, मुक्काम ठरलेले, सामानाचा टेम्पो पुढं गेलेला, आणि वाटेत कुणी ना कुणी चहाची किटली घेऊन उभं असतंच.

आता मनात आलंय ते समुद्राकडेनं चालायचं. रावणाला गोकर्णात आत्मलिंग उपटता आलं नाही, तेव्हा रागानं त्यानं त्यावरची आवरणं भिरकावली. ती जिथं पडली ती चार स्थानं म्हणजे कारवारजवळ शेजवाडचा शेज्जेश्वर, कुमठ्याच्या पुढं धारेश्वर, होन्नावरच्या पुढं गुणवंते आणि शेवटी मुरुडेश्वर. पाचवं गोकर्ण महाबळेश्वर. पाचही एकाच किनारपट्टीला आहेत. लोक गाडीनं एका दिवसात उरकून येतात, पण आम्हाला ते पायानंच करायचंय. लहानपणापासून कथा ऐकत आलो, ती एकदा चालून बघावी असं फार वाटतं.

आम्ही सात-आठ बायका आणि दोन पुरुष, बहुतेक साठीच्या आसपासचे. सगळे माळकरी, तेव्हा मासळीच्या खाणावळीत बसता येणार नाही. मुलगा म्हणतो, "आई, हायवेला ट्रक कसे सुटतात बघितलंयस काय?" वाळूवरून किती चालता येतं? नद्या कशा ओलांडायच्या? शिवरात्रीला गोकर्णात असावं की गर्दी टाळावी? ज्यांनी हा पट्टा पायाखाली घातलाय त्यांनी सांगा.

शहापूरचा सायकलवाला

ताई, मुलाची काळजी रास्त आहे. मी हा रस्ता सायकलनं केलाय. चौपदरी झाल्यापासून गाड्या थांबायचं नाव घेत नाहीत. हायवेवर चालाल तेव्हा उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. पहाटे निघणार असाल तर पुढच्या-मागच्या माणसाकडं बॅटरी आणि अंगावर चमकणारी जाकिटं हवीतच.

पावसाळ्यात मात्र चुकूनही नको. १६ जुलै २०२४ ला अंकोल्याजवळ शिरूरला दरड थेट हायवेवर आली आणि माणसं गेली. शिवरात्रीचा काळ त्या मानानं सुरक्षित, फक्त दहानंतरचा दमटपणा आपल्या घाटावरच्या माणसाला सोसत नाही.

येळ्ळूरकर

ताई, शिवरात्रीलाच गोकर्णात पोचा. भक्तीचं कारण आहेच, पण पाण्याचा हिशेबही तेच सांगतो.

माझं आजोळ कारवारकडचं, आजा होडीवर जायचा. त्यानं शिकवलेली रीत अशी: तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य, प्रतिपदेपासून मोजायचं. द्वितीयेला भरती दुपारी दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमाराला. दशमीला उलटं, सकाळी साडेसातला भरतीच. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, तेव्हा सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांना एकदा विचारून घ्यायचं. कारवार-अंकोल्याकडं कोकणी चालते, आपलं मराठी त्यांना समजतं. पुढं आपलं बेळगावी कन्नड आहेच.

हे एवढ्यासाठी सांगतोय की सगळी चाल वाळूच्या जातीवर ठरते. पाणी मागं सरलं की उघडी पडणारी ओली वाळू डांबरासारखी टणक असते, टाच रुतत नाही. भरतीत वरच्या कोरड्या वाळूत चालावं लागलं तर तासाभरात पोटऱ्या भरून येतात. अमावास्येला उधाण असतं, भरती वर चढते तशी ओहोटीही लांब जाते आणि चालायला रुंद पट्टा मिळतो. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या. म्हणजे गोकर्णापासून पुढच्या सगळ्या सकाळी तुमच्या बाजूनं आहेत.

त्याआधीचे दिवस रस्त्याचे, आणि तेही बरोबर जुळतं. माघ वद्य नवमीला शेजवाडला दर्शन घेऊन निघा. बिणगा-अरग्याकडं नौदलाच्या तळामुळं किनारा बंद आहे, आमदळ्ळीपर्यंत हायवेशिवाय वाट नाही. तिथं फोटो काढू नका, आधार कार्डं हाताशी ठेवा. त्या दिवसांत सकाळी भरतीच असते, त्यामुळं वाळू सुटली म्हणून वाईट वाटून घ्यायला नको. दशमीला अंकोला गाठा आणि एकादशी तिथंच काढा, उपासात उन्हाची चाल नको. द्वादशीला पारणं सोडून मंजुगुणीच्या बाजूनं गंगावळी नदीकडं, त्रयोदशीला गोकर्ण. शिवरात्रीला तिथं ऐनवेळी खोली मिळायची नाही, जागेचं महिनाभर आधी बघा. दर्शनाला पुरुषांना धोतर किंवा लुंगी आणि उघडं अंग लागतं. आधी महागणपती, मग महाबळेश्वर.

गोकर्णापुढं ओम, हाफमून, पॅराडाईज अशी कड्याकडेची पायवाट आहे. देखणी आहे, पण खडक निसरडे आहेत आणि तिथून माणसं पडलीत. तुमच्या गटानं त्या वाटेला जाऊ नये असं मी स्पष्ट सांगतो. सानिकट्ट्याच्या मिठागरांकडून तदडीचा रस्ता धरा. शिवरात्रीच्या दिवसांत मिठाचं काम चालू असतं, बांधावर पांढरे ढीग दिसतात. तदडीहून पलीकडं अघनाशिनी गावाला होडी जाते, दुचाक्यासुद्धा चढवतात. ही नदी उगमापासून समुद्रापर्यंत कुठंही धरणानं अडवलेली नाही, आणि २०२४ मध्ये तिची खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. ओहोटीला बायका कंबरभर पाण्यात शिंपल्या वेचताना दिसतील. घाईनं पुढं जाऊ नका, घटकाभर बसा तिथं.

पलीकडं कागाल, बाड करत कुमठा. कुमठा ते होन्नावर वीसेक किलोमीटर, मध्ये धारेश्वर. किनारा सलग नाही, मध्येच डोंगराचं नाक समुद्रात घुसतं. पाणी चढत असताना नाकाला वळसा घालायचा नाही, मागं फिरून गावातून जायचं. शरावती हायवेच्या पुलावरूनच ओलांडावी लागते. पुढं कासरकोडला वाळू छान आहे. गुणवंते हायवेलगत आहे, देऊळ साधं, गर्दी नाही, मनासारखं दर्शन होतं. मग मुरुडेश्वर. देवळाच्या टेकडीला, कंदुकगिरीला, तिन्ही बाजूंनी समुद्र आहे आणि १२३ फुटी शंकर लांबूनच दिसायला लागतो.

कुणाचे पाय बोलले तर हट्ट करू नका. अंकोला, गोकर्ण रोड, कुमठा, होन्नावर, मुरुडेश्वर, सगळीकडं कोकण रेल्वेची स्टेशनं आहेत. मडगाव गाठलं की पुढं लोंढा आपलंच.

वडगावची वहिनी

येळ्ळूरकर काकांनी वाट सांगितली, मी पायांचं सांगते. दक्षिणेकडं चालताना समुद्र कायम उजव्या हाताला. किनारा पाण्याकडं उतरता, त्यामुळं उजवा पाय सतत खाली पडतो आणि दोन दिवसांत कंबर धरते. पंढरपूरच्या रस्त्याला हा त्रास होत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. ओहोटीचा सपाट पट्टा सोडू नका, आणि तो संपला की सरळ गावातल्या रस्त्यावर या.

दुसरं, खारं पाणी आणि वाळू. चपलेच्या पट्ट्याखाली वाळूचे चार कण अडकले तरी कातडं सोलून निघतं. प्रत्येक विसाव्याला गोड्या पाण्यानं पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, रात्री खोबरेल चोळून सुती मोजे घाला. लुगड्याचा ओला काठ पोटरीला घासतो, त्यापेक्षा सलवार बरी.

जेवणाचं म्हणाल तर गावांत शाकाहारी हॉटेलं मिळतात, मधल्या कोळीवाड्यांत नाही मिळत. घरून कडक भाकरी, शेंगाची चटणी, चिरमुरे-फुटाणे न्या. त्या हवेत चिरमुरे तासाभरात सादळतात, घट्ट झाकणाचा डबा घ्या. शहाळी वाटेत भरपूर.

खानापूरकरीण

काका, वहिनी, तुमचं लिहिणं मी काल हरिपाठानंतर सगळ्यांना वाचून दाखवलं. नवमीला निघायचं ठरलं. आमच्यातल्या एक आज्जी हायवेचे दोन दिवस गाडीत बसतील आणि गोकर्णापासून चालतील. मुलगा आता सामानाची गाडी घेऊन यायला तयार झालाय. फक्त तदडीला गाडीचं काय करायचं?

येळ्ळूरकर

गाडी होडीत चढणार नाही. ती मादनगेरी, मिर्जानवरून हायवेनं कुमठ्याला पाठवा. तुम्ही मात्र दुपारचे डबे, पाणी आणि औषधं गाडीत ठेवू नका, अंगाबरोबर घ्या. अघनाशिनीत उतरल्यावर कुमठ्यापर्यंत गाडीची गाठ पडायची नाही. आणि शेवटची होडी किती वाजता, ते आदल्या दिवशी गोकर्णातूनच विचारून ठेवा.