ड्राइव्ह वेगळी केली म्हणजे वाटणी झाली असं नाही

ऐरोली_सेक्टर_८
परवा इथेच ‘घोडबंदर_रोड’ यांनी लिहिलं, की ड्युअल बूटची, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवण्याची, रडगाणी ऐकून कंटाळा आलाय. एक वेगळा एसएसडी लावा, त्यावर लिनक्स टाका, मग दोन्ही सिस्टिम एकमेकींचं तोंडही बघत नाहीत. आणि एवढं करूनही ज्याचं बिघडतं त्याने संगणकाला हात लावू नये.

हे शेवटचं वाक्य मला लागलं. कारण मी तंतोतंत हेच केलं होतं.

घरी डेस्कटॉप आहे. विंडोज एनव्हीएमईवर (थेट बोर्डात बसणारी ड्राइव्ह), लिनक्स वेगळ्या, वायरने जोडलेल्या साटा एसएसडीवर. दीड वर्ष मशीन विनातक्रार चाललं. मग विंडोजची ड्राइव्ह भरली म्हणून मी ती काढली, नवी १ टीबीची बसवली, तिच्यावर विंडोज नव्याने टाकलं. साटाच्या वायरला हातही लावला नाही. मशीन चालू केलं तर थेट विंडोज. बूट मेनूत लिनक्सचं नावच नाही. बायको शिक्षिका आहे, तिच्या नववीच्या वर्गाचे गुण लिनक्समध्ये होते आणि ते सकाळी शाळेत द्यायचे होते. रात्रीचे अकरा वाजलेले.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून शिरलो. लिनक्सच्या ड्राइव्हवर एकच मोठं पार्टिशन होतं. छोटं फॅट-३२ वालं ईएसपी, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा बूटलोडर जिथे राहतो ते पार्टिशन, नाहीच. मग जुनी एनव्हीएमई कपाटातून काढून बाहेरून जोडायच्या केसमध्ये घालून जोडली. तिच्या १०० एमबीच्या ईएसपीत मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरशेजारी माझ्या लिनक्सचं फोल्डर बसलेलं! इन्स्टॉल करताना बूटलोडरसाठी मी साटाची ड्राइव्ह निवडली होती, हे मला पक्कं आठवतं. इन्स्टॉलरने ते ऐकलं नाही, समोर दिसलेल्या पहिल्या ईएसपीत जाऊन बसला. घर माझं, चावी शेजाऱ्याच्या खिळ्याला, आणि शेजारी घर सोडून गेलेला.

डेटा सगळा शाबूत होता. पण जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनाने जागा काढून नवं ईएसपी करणं, क्रूटने आपल्या लिनक्समध्ये शिरून ग्रब हा बूटलोडर परत बसवणं, एफएसटॅब या माउंटच्या यादीतला ईएसपीचा जुना ओळखक्रमांक (यूयूआयडी) बदलणं, यात अडीच वाजले. म्हणून सांगतो, ‘वेगळी ड्राइव्ह लावा, विषय संपला’ असं नवख्या माणसाला सांगू नका.

घोडबंदर_रोड
तुमच्या इन्स्टॉलरची चूक माझ्या सल्ल्यावर कशाला ढकलता? माझं मशीन चार वर्षं चालतंय. दोन ड्राइव्ह, दोन सिस्टिम, एकदाही अडलं नाही. या चार वर्षांत मी विंडोजची ड्राइव्ह दोनदा फॉरमॅट केली, लिनक्सला धक्का लागला नाही. इन्स्टॉल करण्याआधी दुसरी ड्राइव्ह काढून ठेवायची असते, एवढं साधं आहे.

कोपरखैरणे_रिपेअर
एवढं साधं आहे तर तुमच्या त्या पोस्टमध्ये ते का नव्हतं? मी आत्ता परत वाचून आलो. ‘लावा आणि टाका’ एवढंच आहे.

आणि साधंही नाही. साटाची वायर ओढता येते. एनव्हीएमई ग्राफिक्स कार्डच्या खाली असते. आधी कार्ड काढा, मग हीटसिंक, मग तो तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू. तो घरंगळून पॉवर सप्लायच्या मागे गेला की अख्खी कॅबिनेट उलटी करावी लागते. काही बोर्डांत बायोसमधून स्लॉट बंद करता येतो, काहींत नाही. ज्यांना खोलायचं नाही त्यांनी जीपार्टेडमध्ये जाऊन विंडोजच्या ईएसपीवरचे बूट आणि ईएसपी हे दोन फ्लॅग (खुणा) तात्पुरते काढावेत, आपल्या ड्राइव्हवर स्वतःचं ईएसपी करावं, इन्स्टॉल झालं की फ्लॅग परत लावावेत.

ऐरोलीकर म्हणतात ते खरं आहे. उबुंटू लिनक्सच्या जुन्या इन्स्टॉलरबद्दल ही तक्रार २०१४ पासून नोंदलेली होती. विंडोजही काही वेगळं वागत नाही. लिनक्सची ड्राइव्ह जोडलेली ठेवून विंडोज टाकलं तर तेही आपली बूटची फाइल लिनक्सच्या ईएसपीत नेऊन ठेवू शकतं. मग गिऱ्हाईक ‘लिनक्स नको’ म्हणून ती ड्राइव्ह काढतं, विंडोज उठत नाही, आणि शिव्या आम्हाला.

आता माझं दुखणं ऐका. गिऱ्हाईक येतं, म्हणतं बूटचा क्रम बदलून द्या, सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर अडवणारी बोर्डाची सोय) बंद करून द्या. मी बंद करतो, आणि निळा पडदा बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची, ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. गिऱ्हाइकाला बिटलॉकर चालू आहे हेच माहीत नसतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं, की बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. कोणत्या ईमेलने खातं काढलं ते त्याला आठवत नाही, आणि दुकानात उभा राहून म्हणतो, तुम्ही माझा डेटा उडवला. हात लावण्याआधी की कागदावर लिहून घ्या हो. हात जोडून सांगतो.

कळवा_पश्चिम
मी निवृत्त माणूस. माझं मत स्पष्ट आहे, हे सगळं करायचंच कशाला? विंडोजमध्ये व्हर्च्युअल मशीन टाका. खिडकी उघडली की लिनक्स, बंद केली की गेलं. ड्राइव्ह नको, बूट नको.

ऐरोली_सेक्टर_८
काका, माझं मशीन ८ जीबी रॅमचं आहे. विंडोज उठूनच त्यातली निम्मी घेऊन बसतं. उरलेल्यात व्हर्च्युअल मशीन चालवलं की माउस हलवल्यावर बाण दोन सेकंदांनी येतो. आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांच्या मशीनवर ११ चढत नाही, त्यांना खालचंच घर बदलायचंय. त्यांना वर माळा बांधून काय मिळणार?

नेरूळ_पूर्व
विंडोज सोडता येत नाही त्याचं माझं कारण वेगळं आहे. मी अनुवाद करते आणि एका मंडळाच्या दिवाळी अंकाची पानं लावून देते. लिखाण सगळं लिनक्सवर, युनिकोडमध्ये. पण ठाण्यातला आमचा छापखाना अजूनही मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्येच मागतो. तो कन्व्हर्टर फक्त विंडोजवर चालतो. वर्षातून दोन महिन्यांसाठी मी एक आख्खी सिस्टिम पोसते.

घोडबंदर_रोड
ताई, मराठीचं काम असेल तर विंडोजवरच करा ना. लिनक्सवर मराठी म्हणजे हौस. अक्षरं तुटतात, जोडाक्षरं नीट येत नाहीत. स्वतः अनुभवलंय.

नेरूळ_पूर्व
कधी अनुभवलंत? वर्ष सांगा.

मी रोज दोन-अडीच हजार शब्द लिनक्सवर टाइप करते, इनस्क्रिप्ट कळफलकाने. ‘दुसऱ्या’ लिहायचं तर ओ, जी, एम, मग शिफ्ट धरून जे, मग डी, स्लॅश, ई. शिफ्ट-जे म्हणजे ऱ, डी म्हणजे हलन्त, स्लॅश म्हणजे य. सात वेळा बोटं पडली की शब्द पुरा. विंडोजवरही हाच क्रम, कारण कळफलक एकच आहे. यात हौस कुठे आली?

अक्षरं तुटतात ती त्या जुन्या फॉन्टमुळे. तिथे मराठी अक्षर मुळात नसतंच, इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट बदलला की सगळा मजकूर खडे. गेल्या वर्षी कन्व्हर्टरने एका ट्रेकिंगच्या लेखातला अर्धा र रफार करून टाकला. ‘सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्या’चं ‘दर्याखोर्या’ झालं. डोंगरावरच्या लेखात समुद्र! लेखकाचा फोन आला तेव्हा मला बोलता येईना. ती दोन पानं मी तीनदा तपासली होती, माझ्या स्क्रीनवर, युनिकोडमध्ये, जिथे सगळं बरोबर होतं. आणि तुम्ही म्हणता लिनक्सवर अक्षरं तुटतात.

घोडबंदर_रोड
चिडायचं कारण नाही. मी २०११ साली वापरलं होतं तेव्हाचं सांगतोय.

नेरूळ_पूर्व
मग २०११ सालचं आहे असं लिहायचं ना. नवी मुलं हे वाचतात आणि मराठीसाठी लिनक्सकडे बघतही नाहीत. याचा मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

वर्तकनगर_ठाणे
छापखान्यांचं बोलताय म्हणून. माझ्या मामांचा छापखाना होता. जुने फॉन्ट सोडत नाहीत त्यामागे आळस नसतो. पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, अहवाल सगळे त्याच फॉन्टमध्ये पडलेले असतात. गिऱ्हाईक येतं, ‘गेल्या वर्षीचंच छापा, फक्त तारीख बदला’. युनिकोडला गेलं तर ते सगळं परत टाइप करायचं कोणी? मामांकडे ऑपरेटर एकच होता, तोही त्याच जुन्या कळफलकावर हात बसलेला.

नेरूळ_पूर्व
हे मान्य. जुनी कामं जुन्यातच राहू देत. पण माझा मजकूर नवा आहे, तो तरी युनिकोडमध्ये घ्या, एवढंच मागणं आहे. दोन वर्षं मागतेय.

कळवा_पश्चिम
टायपिंग राहू द्या. माझा एक प्रश्न. नातवाने माझ्या मशीनवर दुसऱ्या ड्राइव्हवर लिनक्स टाकलं, तेव्हापासून विंडोजमधलं घड्याळ मागे पडतं. सेल बदलला, उपयोग नाही. मागच्या आठवड्यात त्या घड्याळाच्या भरवशावर मोठ्या बहिणीचा व्हिडिओ कॉल चुकला. ती अमेरिकेत असते, रात्र काढून बसली होती.

ऐरोली_सेक्टर_८
काका, बरोबर साडेपाच तास मागे पडतं ना? सेलचा दोष नाही. बोर्डावरच्या घड्याळात लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतं. आपला फरक साडेपाच तासांचा, तेवढंच मागे. नातवाला सांगा, लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएलची सेट-लोकल-आरटीसी आज्ञा १ देऊन चालवायची. नाहीतर विंडोजच्या रजिस्ट्रीत रिअलटाइमइजयुनिव्हर्सल १ करायचं. दोन्हींपैकी एकच, दोन्ही केलं तर परत घोळ.

आणि घोडबंदरकर, माझा मुद्दा नेमका इथेच आहे. ड्राइव्ह वेगळी असली तरी बोर्ड एकच आहे. घड्याळ बोर्डावर. बूटच्या नोंदींची यादी बोर्डाच्या कायम स्मृतीत, एनव्हीरॅममध्ये. बिटलॉकर ज्या टीपीएमवर, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या भागावर, विसंबतं तोही बोर्डावर किंवा प्रोसेसरमध्ये, आणि सिक्युअर बूटची काळी यादीही बोर्डावरच. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने काय केलं ते आठवा. एसबॅटची, म्हणजे बाद ठरवलेल्या जुन्या बूटलोडरांची, नवी यादी बोर्डात लिहिली, आणि जुना शिम (लिनक्सचा सही असलेला पहिला बूटलोडर) असलेली लिनक्स ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ म्हणून बंद पडली. ड्युअल बूटच्या मशीनवर ते लागू होणार नाही असं सांगितलं होतं, तरी लागू झालं. वेगळ्या ड्राइव्हवाल्यांनाही फटका बसला. दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली.

घोडबंदर_रोड
एसबॅटच्या वेळी माझंही अडलं होतं. सिक्युअर बूट बंद करून टाकलं, ते आजतागायत बंदच आहे. ‘एकदाही अडलं नाही’ हे वाक्य मागे घेतो. पण भिंत भिजते म्हणून खोल्या वेगळ्या करायच्याच नाहीत का?

ऐरोली_सेक्टर_८
करायच्याच. मीही वेगळ्या ड्राइव्हच्याच बाजूचा आहे. फक्त दार ज्याच्या त्याच्या खोलीला हवं. लिनक्समध्ये टर्मिनल उघडून एलएसबीएलके ही आज्ञा मारा आणि बूट-ईएफआय, म्हणजे ईएसपी, कोणत्या ड्राइव्हवरून माउंट आहे ते बघा. दोन मिनिटांचं काम. इथे सांगाल?

कोपरखैरणे_रिपेअर
तोवर एक सांगतो. ग्रब बसवताना रिमूव्हेबलचा पर्याय द्या. मग तो बूटएक्स६४ या ठरलेल्या नावाने बसतो आणि बोर्डाची यादी पुसली गेली तरी सापडतो. काही बोर्ड ड्राइव्ह काढली की तिची नोंदच उडवतात, परत लावली तरी आणत नाहीत. आणि ग्रबच्या मेनूत विंडोज दिसत नाही म्हणून घाबरून फोन करू नका. ग्रबच्या २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो, ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये चालू करावा लागतो. माझ्या मते बंदच राहू द्या. मशीन चालू करताना एफ११ किंवा एफ१२, बोर्डाप्रमाणे, दाबून ड्राइव्ह निवडावी.

घोडबंदर_रोड
घरी सासूबाई देवाची गाणी लावायला मशीन चालू करतात. त्या एफ११ दाबणार नाहीत.

कोपरखैरणे_रिपेअर
मग त्यांच्यासाठी विंडोज पहिलं ठेवा. एफ११ तुम्ही दाबा.

घोडबंदर_रोड
बघितलं. माझं ईएसपी लिनक्सच्याच ड्राइव्हवर आहे. पण ते मी केलेलं नाही. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, विंडोजची ड्राइव्ह तेव्हा स्टॉकमध्ये नव्हती, म्हणून लिनक्स आधी टाकून दिलं आणि विंडोजची आठवड्याने बसवली, तीही लिनक्सची वायर काढून. मला हे माहीत नव्हतं. त्या पोस्टमधलं हात न लावण्याचं वाक्य काढतो आणि ड्राइव्ह सोडवायचं त्यात घालतो. ऐरोलीकर, तुम्हाला उद्देशून नव्हतं, तरी लागलं असेल तर माफ करा. मराठीबद्दल माझं मत बदललेलं नाही. आधी स्वतः टाइप करून बघतो, मग बोलेन.

नेरूळ_पूर्व
शिफ्ट-जे पासून सुरुवात करा.

कळवा_पश्चिम
घड्याळ जमलं. नातू फोनवरून सांगत होता, मी टाइप केलं. बहिणीला रविवारी सकाळी साडेसातची वेळ दिली आहे.