वरचेवर आजारी पडणारा कामगार: पगार कापायचा की आधी विचारायचं?

रात्रपाळी: काल एका कारखानदारांनी इथे लिहिलं, "महिन्यात दोनदा आजारी पडला की पगार कापा, तिसऱ्यांदा घरी बसवा." वाचून डोकं तापलं. मी भोसरीत अकरा वर्षं मशीनवर आहे. आमच्याकडे चौघांचे खाडे वाढले, चौघांना नोटिसा गेल्या. चौघंही ग्राइंडिंगवरचे. तिथला धूळ ओढणारा पंखा पावसाळ्यापासून बंद होता. नोटीस देण्याआधी कुणी तिथे दहा मिनिटं उभं राहिलं असतं तर कळलं असतं. पंखा सुरू झाला आणि दोघांचा खोकला थांबला.

पाचमशीनवाला: ते मीच लिहिलंय. बारा माणसं, पाच मशीन. एक आला नाही की मशीन उभं. माल शुक्रवारी गेला नाही तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते. आणि ताप नेमका पगाराच्या दुसऱ्या दिवशीच कसा येतो? सर्टिफिकेटचं सांगू नका, पैसे टाकले की मिळतं.

हजेरीपट: तुमच्याकडे बारा माणसं, म्हणजे ईएसआय, कामगारांचा सरकारी विमा, भरत असाल. पगाराच्या मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. म्हणजे दोन दिवसांच्या तापाला तिथून काही नाही, आणि तुम्हीही कापणार. मग तो अंगात ताप घेऊन मशीनवर येतो.

रात्रपाळी: आणि ते सर्टिफिकेट आणायला अख्खा दिवस जातो! ताप अंगात, सकाळी सातला ईएसआयच्या दवाखान्यात रांगेत, दुपारी खिडकीवर सांगतात, आधारवरचं नाव जुळत नाही. माझ्या बायकोला दोनदा परत पाठवलं.

दुकानातली: आमचं काय? दुकाने व आस्थापना कायदा, २०१७. वर्षाला ८ किरकोळ रजा, आजारपणाची वेगळी नाही. लेकराला डेंग्यू झाला, जूनमध्येच संपल्या.

पाचमशीनवाला: रांग मी लावलेली नाही. सरकारचा राग माझ्यावर काढू नका. माझा एक ऑपरेटर आजारी म्हणून गेला आणि गावच्या जत्रेत दिसला. त्याचंही मीच सोसायचं?

हजेरीपट: त्या एकाला पकडा ना! त्याच्यापायी बाकीच्या अकरा जणांना चोर का ठरवता? माझ्याकडच्या एकाचा दर पंधरवड्याला खाडा असायचा. बाजूला बसवून विचारलं, तर साखर साडेतीनशे. रात्रपाळीत जेवणाचं गणित बिघडलेलं. दिवसपाळी दिली, खाडे कमी झाले.

पाचमशीनवाला: सगळ्यांना दिवसपाळी दिली तर रात्री मशीन कोण चालवणार, तुम्ही? ...पंख्याचं तेवढं मान्य. उद्या माझ्या ग्राइंडिंगजवळ उभा राहून बघतो. जत्रेवाल्याला मात्र सोडणार नाही.

रात्रपाळी: त्याला सोडा असं मी म्हटलंच नाही. उभे राहाल तेव्हा मास्क न लावता राहा, आणि दहा मिनिटं नको, अख्खी पाळी.